पाणी देऊनही मका सुकतो, युरिया टाकूनही पिवळा राहतो : दोष शोधण्याचा क्रम

सांगली-सातारा जिल्ह्यांतील वाळवा, पलूस, कराड भागातील नदीकाठची काळी राने असोत की आटपाडी, माण, खटावकडील मुरमाड माळ असो, मक्याबद्दलची एक तक्रार दर हंगामात ठरलेल्या वेळी येते. पीक तीस-पस्तीस दिवसांचे झाले की ते पिवळे पडू लागते, शेतकरी युरिया टाकतो, फरक पडत नाही म्हणून पाणी वाढवतो, आणि तरीही तुरा येईपर्यंत पीक सावरत नाही. ठिबक आणि खताच्या कामासाठी रानोरान फिरताना हा दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची कारणे शोधण्याचा एक क्रम आपोआप ठरून गेला आहे. त्या क्रमात पाणी आधी येते आणि खत नंतर, कारण जमिनीतील ओल ठीक असल्याची खात्री होईपर्यंत नत्राबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष भरवशाचा नसतो.

लक्षणे

पहिले लक्षण खालच्या पानांवर दिसते. पिवळेपणा पानाच्या टोकापासून सुरू होतो आणि मधल्या शिरेच्या आधाराने खोडाकडे सरकतो. कडा काही काळ हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर इंग्रजी व्ही अक्षराचा आकार उमटतो. दुसरे लक्षण म्हणजे दुपारी पाने गुंडाळली जाणे. तिसरे लक्षण फुलोऱ्यात कळते : तुरा बाहेर पडून परागकण झडू लागतात, परंतु कणसाचे केसर, म्हणजे टोकाचे रेशमी धागे, काही दिवस मागे राहते आणि पुढे कणसाचे टोक पोचट निघते. पाण्याची ओढ बसली तरी हे होते आणि नत्र कमी पडले तरीही होते, म्हणून केवळ कणीस सोलून कारण ठरवता येत नाही. काही रानांत मात्र चित्र उलटे असते. तेथे पीक सुरुवातीला काळेभोर आणि तरारलेले दिसते, शेजारीपाजारी कौतुक करतात, आणि तुरा यायच्या सुमारास तेच पीक आठवड्याभरात मान टाकते.

काही खुणा या दोषाच्या नाहीत, त्या आधीच बाजूला काढाव्यात. कोवळ्या पानांच्या बुडाशी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर जस्ताची कमतरता शोधावी. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट असेल तर लोहाची शंका घ्यावी, जी आपल्याकडील चुनखडीच्या जमिनींत रास्त असते. जुन्या पानांच्या कडाच करपत असतील तर पालाश पाहावे. पोंग्यात भुशासारखी विष्ठा आणि पानांवर ओळीने भोके असतील तर ती लष्करी अळी आहे, तिचा पाण्याशी किंवा युरियाशी संबंध नाही.

हा दोष युरियाने का जात नाही

जमिनीतील नत्र मुळांपर्यंत पोहोचते ते मुख्यतः पाण्याबरोबर वाहत. पीक पानांतून पाणी उडवते, मुळे जमिनीतून पाणी ओढतात आणि त्या पाण्यात विरघळलेले नायट्रेट त्यांच्यापर्यंत येते. वरचा थर कोरडा असेल तर तेथे टाकलेला युरिया पिकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. उलट पाणी गरजेपेक्षा जास्त झाले तर तेच नायट्रेट मुळांच्या खाली धुऊन जाते, किंवा पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत हवा न उरल्यामुळे जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात. म्हणजे कमी पाण्याने आणि जास्त पाण्याने, दोन्हींनी पीक नत्रावाचून राहते आणि वरून दोन्ही सारखेच पिवळे दिसते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर नत्र पिकाचा पाण्याचा खर्च ठरवते. नत्र पुरेसे असेल तर पाने मोठी होतात, जमीन लवकर झाकली जाते आणि दिलेल्या पाण्यातील मोठा वाटा पिकाच्या अंगातून जातो. नत्र कमी असेल तर पीक विरळ राहते आणि उघड्या सऱ्यांतून पाणी नुसतेच उडून जाते. त्यामुळे उपाशी मक्याला पाणी फारसे कमी लागत नाही. त्याच पाण्यात दाणे मात्र बरेच कमी भरतात. हवामान आणि हंगामाच्या लांबीनुसार मक्याला एकूण ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले किती पिकाने वापरले आणि किती वाया गेले, हे बऱ्याच अंशी नत्राच्या वेळेवर अवलंबून असते.

माळरानावरच्या काळ्याभोर पिकाचे कोडेही येथेच सुटते. पाण्याची खात्री नसताना पेरणीबरोबरच भरपूर नत्र दिले की पिकाचा पानोरा मोठा होतो, आणि हा मोठा पानोरा जमिनीतील साठलेली ओल तुरा येण्याआधीच संपवून टाकतो. मक्याला पाण्याची सर्वांत जास्त निकड तुरा, केसर आणि दाणे भरण्याच्या काळात असते. नेमकी तेव्हा जमीन रिकामी असते.

पहिली तपासणी : सकाळी रानात जाणे

हिला पैसा लागत नाही, म्हणून ती प्रथम करावी. दुपारी दोन वाजता गुंडाळलेली पाने पाहून पाणी देण्याचा निर्णय घेऊ नये. कडक उन्हात पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा वाढला की चांगल्या ओलीतला मकाही पाने काही वेळ मिटतो आणि संध्याकाळी उघडतो. सकाळी सात-आठच्या सुमारास जावे. पाने सपाट उघडलेली असतील तर पिकाने रात्रीत तूट भरून काढली आहे, असे समजावे. त्या वेळीही पाने गुंडाळलेली असतील तर मुळांना पाणी मिळत नाही हे निश्चित. ते का मिळत नाही, हे मात्र अजून ठरलेले नसते, आणि लगेच मोटार चालू करणाऱ्यांची गफलत येथेच होते.

दुसरी तपासणी : पिवळेपणा रानात कोठे आहे

बांधावर उभे राहून पाहण्याऐवजी सरीच्या पाटाकडील तोंडापासून शेवटापर्यंत चालत जावे. पाटाजवळचा मका पिवळा आणि शेवटाकडचा हिरवा असेल तर तोंडाशी पाणी जास्त मुरून नत्र खाली गेले आहे. रात्रीच्या लाईटवर मोटार चालू ठेवून दारे धरायला कोणी नसते, तेथे हे चित्र हमखास दिसते. शेवटाकडचा मका पिवळा आणि खुजा असेल तर तेथे पाणीच पोहोचत नाही. सखल कोपऱ्यात किंवा शेजारच्या उसाच्या बाजूने पट्टा पिवळा असेल तर उसाचे पाझरणारे पाणी हे पहिले संशयित कारण असते. एक आड एक ओळ पिवळी दिसली तर खत देणाऱ्याच्या हाताचा किंवा पेरणी यंत्राचा दोष मानावा. संपूर्ण रान एकसारखे फिके असेल तरच खताच्या मात्रेचा विचार पुढे आणावा.

तिसरी तपासणी : पहार आणि मूठ

घरातली पहार किंवा टोकदार लोखंडी सळई घेऊन हिरव्या आणि पिवळ्या अशा दोन्ही जागी दोन ओळींच्या मध्ये ती दाबावी. ओल्या जमिनीत सळई सहज जाते आणि कोरड्या थराला लागली की अडते. ती किती खोल गेली हे बोटाने धरून मोजावे. नंतर त्याच ठिकाणी फूट-दीड फूट खड्डा घेऊन तळाची माती मुठीत दाबावी. काळ्या मातीचा गोळा होऊन तो बोटांच्या दाबाने फुटत असेल तर वापसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असलेली स्थिती, आहे. गोळ्याला दाबल्यावर हाताला चिखल लागत असेल किंवा चकाकी येत असेल तर ओल जास्त आहे. गोळा होतच नसेल तर पाणी उशिरा होत आहे.

या खड्ड्यातच मुळे पाहून घ्यावीत. सुदृढ मुळे पांढरी आणि फांद्या फुटलेली असतात. ती तपकिरी, मऊ झाली असतील आणि मातीला कुबट वास येत असेल तर पाणी साचून मुळे गुदमरली आहेत. असे पीक ओल्या जमिनीत उभे राहून सुकते, कारण हवेशिवाय मूळ पाणी ओढू शकत नाही. त्याला आणखी पाणी देणे म्हणजे दोष वाढवणे होय. मका गुडघ्याएवढा होईपर्यंत साचलेले पाणी त्याला विशेष सोसत नाही.

मुळे चार बोटांवरच आडवी वळलेली दिसली तर खाली नांगराचा किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा घट्ट थर आहे. या हंगामात त्यावर इलाज नाही. पाणी थोडे थोडे आणि लवकर लवकर द्यावे आणि पीक निघाल्यावर खोल नांगरट किंवा सबसॉयलर करावा.

चौथी तपासणी : किती पाणी दिले आणि किती मावते

‘चार तास पाणी दिले’ या उत्तराला अर्थ नसतो, कारण मोटारीमोटारीचा प्रवाह वेगळा असतो. २०० लिटरचे पिंप पाइपाच्या तोंडाशी ठेवून ते भरायला लागणारे सेकंद मोजावेत. पिंप २५ सेकंदांत भरले तर प्रवाह सेकंदाला ८ लिटर, म्हणजे तासाला २८,८०० लिटर झाला. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर, हा हिशेब लक्षात ठेवला की पुढचे सर्व सोपे होते : या मोटारीने एकराला ५० मिलिमीटर पाणी द्यायला सात तास लागतात.

आता जमिनीत मावते किती, ते पाहावे. खोल काळ्या जमिनीत एक मीटर खोलीला पिकाला घेता येण्याजोगे पाणी साधारण १५० मिलिमीटर धरता येते. मक्याची मुळे ९० सेंटिमीटरपर्यंत गेली असतील तर साठा १३५ मिलिमीटर होतो. त्यातील निम्मा संपेपर्यंत पीक तक्रार करत नाही, म्हणजे वापरायला ६५ ते ७० मिलिमीटर मिळतात. रब्बीत पूर्ण वाढलेला मका दिवसाला ५ मिलिमीटर पाणी घेतो असे धरले, तर हा साठा तेरा दिवस पुरतो. माणच्या माळावर मात्र फूटभर मातीखाली मुरूम असतो. तेथे मीटरला १०० मिलिमीटर धरले तरी एकूण साठा ३० आणि वापरण्याजोगे पाणी १५ मिलिमीटर भरते, जे तीन दिवसांत संपते. उन्हाळी मक्याचा खर्च याहून बराच जास्त असल्याने तेथे दोन दिवसही निघत नाहीत.

या दोन आकड्यांतच बहुतेक तक्रारींचे उत्तर सापडते. माळावर सात तास पाणी देणारा शेतकरी ५० मिलिमीटर ओततो, त्यातले १५ ते ३० जमिनीत राहते आणि उरलेले नायट्रेट घेऊन मुरमात जाते. पुढे कालव्याचे किंवा उपसा योजनेचे आवर्तन लांबले की पीक कोरडे पडते. काळ्या रानातला शेतकरी आठव्या दिवशी सवयीने पाणी देतो, तेव्हा जमिनीत अजून ओल असते, आणि त्याची मुळे हवेला पारखी होतात. दोघांचाही मका पिवळा पडतो आणि दोघेही दुकानातून युरियाच आणतात.

हलक्या जमिनीत सरीने इतके कमी पाणी देणे अवघड असते, म्हणून एक आड एक सरी भिजवावी आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्याव्यात, सऱ्यांची लांबी कमी करावी किंवा ठिबकावर जावे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या योजनांच्या आवर्तनावर अवलंबून असलेल्यांनी शेततळे किंवा विहीर हा मधला साठा मानून त्यातून पाणी द्यावे; आवर्तनाच्या दिवशी रान तुडुंब भरून ठेवल्याने पाणी टिकत नाही.

पाचवी तपासणी : युरिया किती, केव्हा आणि कसा

ओल ठीक असेल तरच येथे यावे. संकरित मक्यासाठी आपल्याकडे शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. एक गोणी डीएपी आणि दोन गोण्या युरियात एकराची नत्राची गरज भागते. ज्यांनी चार गोण्या टाकूनही पीक पिवळे आहे, त्यांच्या रानात कमतरता खताची नसून ते मुळांशी पोहोचण्याची आहे.

पेरणीच्या वेळी नत्राचा एक तृतीयांश भाग, एक महिन्याने दुसरा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी तिसरा, अशी विभागणी करावी. गुडघ्याच्या उंचीपासून तुऱ्यापर्यंतच्या काळात पीक नत्र सर्वांत वेगाने उचलते, हे त्यामागचे कारण आहे. कोरडवाहू मक्याला दुसरा आणि तिसरा हप्ता तारखेवर न देता पावसाने किंवा पाण्याने वापसा आल्यावरच द्यावा. पाऊस ओढ देत असेल तर तिसरा हप्ता कमी करण्यास किंवा वगळण्यास हरकत नाही.

युरिया वरून फेकून तो तसाच उघडा ठेवणे हा सर्वांत महागडा शॉर्टकट आहे. आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत उघड्यावरच्या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो, आणि कोरड्या वाऱ्यात व उन्हात हा तोटा वाढतो. ओळीपासून चार बोटे अंतरावर काकरी ओढून युरिया मातीआड करावा, किंवा टाकल्यावर त्याच दिवशी हलके पाणी द्यावे. येथे ‘हलके’ या शब्दाकडे लक्ष असावे : न विघटलेला युरिया मातीला चिकटत नाही, तो पाण्याबरोबर सरकतो, म्हणून युरिया टाकून लगेच रान भरून घेतले तर अमोनिया वाचतो आणि युरिया खाली जातो.

सहावी तपासणी : छोटा प्रयोग

अजून शंका असेल तर दोन ओळींवर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅमची, फवारणी संध्याकाळी करावी आणि शेजारच्या ओळी तशाच ठेवाव्यात. आठवड्याभरात फवारलेल्या ओळींचा रंग सुधारला तर पिकाला नत्राची भूक आहे आणि मुळांकडून ते येत नाही, हे सिद्ध होते. रंग बदलला नाही तर युरियावर आणखी खर्च करू नये. पुढच्या हंगामापासून रानाच्या मध्यावर चार ओळींचा एक पट्टा शिफारशीपेक्षा थोडे जास्त नत्र देऊन राखावा. बाकीचे रान त्या पट्ट्याच्या तुलनेत फिके दिसू लागले की खताचा हप्ता देण्याची वेळ झाली, हे कोणालाही कळते. माझ्या मते कोणत्याही यंत्रापेक्षा हा पट्टा जास्त उपयोगी पडतो.

सातवी तपासणी : ठिबक असल्यास

ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली मोजपात्र धरले तर १०० मिलिलिटर पाणी ९० सेकंदांत जमा झाले पाहिजे. लॅटरलच्या, म्हणजे ओळीत अंथरलेल्या नळीच्या, सुरुवातीचा आणि शेवटचा ड्रिपर मोजावा. दोघांत ठळक फरक असेल तर फिल्टर धुऊन लॅटरलची टोके सोडावीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर आम्ल प्रक्रियेचा, म्हणजे नळ्यांत साठलेले क्षार आम्लाने विरघळवण्याचा, विचार करावा. खत सोडताना पाण्याच्या एकूण वेळेचे तीन भाग करावेत : पहिल्या भागात साधे पाणी, मधल्या भागात युरियाचे द्रावण आणि शेवटी नळ्या धुण्यापुरते पुन्हा साधे पाणी. सुरुवातीलाच युरिया सोडून पुढे चार तास मोटार चालवली तर सरीतल्यासारखाच तो मुळांखाली जातो.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

पहारीने काढलेल्या खड्ड्यात काही तासांत पाणी झिरपून साठत असेल, जमिनीवर पांढरा थर येत असेल किंवा वाळल्यावर माती दगडासारखी होत असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. क्षार वाढले की जमीन ओली असूनही पीक पाणी ओढू शकत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की मक्याचे उत्पन्न घटू लागते. अशा जमिनीत जिप्सम टाकावे की नाही हे माती तपासल्याशिवाय ठरवू नये, कारण ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीचे औषध आहे, नुसत्या खारवट जमिनीचे नाही. कृष्णा-वारणा काठच्या क्षारपड पट्ट्यात भूमिगत सच्छिद्र पाइपांचा निचरा करावा लागतो आणि त्याची खोली, अंतर व उतार सर्वेक्षण करूनच ठरतात. एकट्याच्या रानात पाइप टाकून बाहेर काढायला नाला नसेल तर पैसे मातीत जातात.

फुलोऱ्यात झाडे एकेक करून अचानक वाळत असतील आणि खोड उभे चिरल्यावर आत काळपट किंवा कुजलेला गाभा दिसत असेल तर ती खोडकूज आहे. तेथे पाणी आणि युरियाची चर्चा सोडून नमुना पीकरोगतज्ज्ञाकडे न्यावा. मोटारीचा प्रवाह अचानक निम्मा झाला असेल तर स्टार्टर उघडण्याचे काम वायरमनवर सोपवावे.

मुरघासासाठी किंवा हिरव्या वैरणीसाठी मका घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना आहे. पाण्याच्या ताणात वाढ थांबलेली असताना भरपूर युरिया दिलेल्या मक्याच्या खोडात, विशेषतः खालच्या भागात, नायट्रेट साठते, आणि ताणानंतर पाऊस पडल्यावर पहिले काही दिवस ते आणखी वाढलेले असू शकते. अशी वैरण जनावरांना लगेच कापून घालू नये. कापायचीच झाल्यास बुडखा उंच सोडून कापावी आणि खाऊ घालण्यापूर्वी तपासून घ्यावी. मुरघासात आंबताना नायट्रेटचा काही भाग कमी होतो, सगळा जात नाही. वैरण खाल्ल्यावर जनावर धापा टाकू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा त्याच्या तोंडातील आतली त्वचा निळसर-तपकिरी दिसली, तर घरगुती काढे पाजण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे आणि दावणीतील उरलेली वैरण काढून टाकावी.

मातीचा नमुना सातारा जिल्ह्यात बोरगाव किंवा कराडजवळच्या कालवडे येथील आणि सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. हिरव्या आणि पिवळ्या भागाचे नमुने वेगवेगळे घ्यावेत, ते एकत्र मिसळू नयेत. शेणखताच्या ढिगाजवळची, बांधालगतची आणि नुकतेच खत दिलेल्या सरीतली माती टाळावी. नमुन्यासोबत विहिरीचे किंवा बोअरचे बाटलीभर पाणी, पिंप भरायला लागलेले सेकंद, सळई किती खोल गेली ती मापे आणि युरिया दिल्याच्या व त्यानंतर पाणी दिल्याच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. तेथील तज्ज्ञ पहिले प्रश्न हेच विचारतात.